डिकीत पिंपळ उगवलेली फियाट घ्यावी का?

डिचोलीजवळच्या एका तरुणाचा प्रश्न आहे. म्हापशाच्या बाहेर एका भंगारवाल्याकडे त्याला १९६७ सालची फियाट ११०० डिलाइट दिसली. नंबरप्लेट जुनी, जीडी अक्षरांची. इंजिन जाम. पुढच्या सीटखाली पत्रा खाऊन गेलाय, खालची जमीन दिसते. डिकीत वीतभर पिंपळ. भंगारवाला ३५,००० मागतो. आजोबांकडे अशीच गाडी होती, ती विकली गेली, वडील अजून तिच्याबद्दल बोलतात. तेव्हा चवथीपर्यंत, म्हणजे गणेशचतुर्थीपर्यंत, गाडी दारात उभी करायची असा त्याचा बेत आहे. विचारतो, इंजिन मोकळं होईल का, खर्च किती येईल आणि सुरुवात कुठून करू?

इंजिन मोकळं होईल. जवळजवळ नेहमीच होतं, आणि नाही झालं तर दुसरं मिळतं. फोंड्याला माझी शेड आहे, जुन्या गाड्यांचं काम करायला लागून तीस वर्षं झाली. भंगारातली गाडी सापडलेला प्रत्येक माणूस मला पहिल्यांदा इंजिनाबद्दलच विचारतो. कारण उघड आहे, इंजिन आवाज करतं आणि सुरू झालं की डोळ्यांत पाणी येतं. पण इंजिन हा सुटा गोळा आहे. चार बोल्ट काढा, टेंपोत टाका, बेळगावला न्या, महिन्याभरानं नव्यासारखं परत येतं. गाडीचा सांगाडा असा कुठे पाठवता येत नाही. जीपला किंवा ट्रकला खाली वेगळी चासी असते. फियाटला ती नाही. फ्लोअर, दरवाजांखालच्या पेट्या, खांब, सगळं मिळून जो पत्र्याचा डबा होतो तीच तिची चासी. तो डबा कुजला असेल तर इंजिन कितीही गोड वाजलं तरी उपयोग नाही. आणि कागद गेला असेल तर त्याला वेल्डिंगही करता येत नाही. म्हणून माझा क्रम कागद, पत्रा, ब्रेक, मग इंजिन, आणि सगळ्यात शेवटी रंग असा आहे. लोक बरोबर उलट्या बाजूनं सुरू करतात आणि अर्ध्यावर थकून गाडी पुन्हा भंगारात घालतात. मी घेतलेल्या गाड्यांपैकी कितीतरी अशा दुसऱ्यांदा भंगारात आलेल्या होत्या. वर नवा रंग, खाली भोकं.

तर पहिला फेरा भंगारवाल्याकडे न मारता वाहतूक खात्याच्या कचेरीत मारा. जीडीए, जीडीबी ही मालिका गोवा, दमण आणि दीव एकत्र होते तेव्हाची. जीए नंतर आलं. इतक्या जुन्या गाडीची नोंद संगणकावर दिसेलच असं नाही, जुनं रजिस्टर काढून बघावं लागतं. त्यासाठी नंबरासोबत चासी नंबर आणि इंजिन नंबर घेऊन जा. चासी नंबरवरचा गंज तारेच्या ब्रशनं हळू काढायचा, वर कागद धरून पेन्सिल घासायची, ठसा उमटतो. त्या जागेवर ग्राइंडर फिरवू नका. एकदा आकडे पुसट झाले की पुढे तुमची गाडी खरी आहे हे सिद्ध करता करता जीव जातो.

रजिस्टरात तीनपैकी एक गोष्ट सापडते. गाडी कोणाच्या तरी नावावर आहे आणि मुदत संपलीय, हे सगळ्यात बरं. मालकाकडून मालकीबदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घ्यायच्या. मालक वारला असेल तर वारसांनी आधी फॉर्म ३१ भरून गाडी आपल्या नावावर घ्यायची, मग तुमच्या. गोव्यात यातली गंमत अशी की वारस तीन आणि त्यातला एक लिस्बनला, एक दुबईला असं हटकून असतं, तेव्हा महिने हाताशी धरा. तिसरी शक्यता म्हणजे मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ खाली नोंदणीच रद्द झालेली आहे. तसं असेल तर गाडी अंगणात ठेवायला किंवा सुट्या भागांसाठी घ्या, रस्त्यावर न्यायचं स्वप्न मनातून काढा, आणि भावही त्याच हिशेबानं करा. गाडीवर पोलिसांची केस किंवा बँकेचा बोजा नाही ना, हेही त्याच फेरीत विचारून घ्या.

व्हिंटेज नोंदणीबद्दल अर्धवट ऐकून लोक येतात म्हणून थोडं सांगतो. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत तशी तरतूद आली. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांपेक्षा जुनी, मूळ रूपात असलेली, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार न केलेली गाडी या वर्गात बसते. तुमची १९६७ ची वयानं बसते. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, पुनर्नोंदणीला ५,०००, मुदत १० वर्षं, नंबरात व्हीए ही अक्षरं. आधी नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. पण दोन गोष्टी लक्षात घ्या. भारतात आधी नोंदलेली गाडी असेल तर अर्जासोबत जुनी आरसी (नोंदणीचं प्रमाणपत्र) लागते, म्हणजे कागदाची गरज इथंही सुटत नाही. आणि व्हिंटेज म्हणून नोंदलेली गाडी रोजच्या वापराला चालत नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यासाठीच ती रस्त्यावर आणायची. वडिलांना दर रविवारी मंगेशीला घेऊन जायचं असेल तर जुनी नोंदणी जिवंत करून पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण करत राहणंच तुम्हाला सोयीचं.

कागदाची लाइन दिसली की गाडी बघायला जा. (कोकणीत भांगर म्हणजे सोनं. आमच्या शेडमधला एक पोरगा प्रत्येक नवीन गिऱ्हाइकाला हा विनोद सांगतो. गिऱ्हाईक हसतं, मग बिल बघून त्याला तो पटतो.) जाताना चुंबक, मोठा स्क्रू-ड्रायव्हर, टॉर्च, जॅक आणि खाली अंथरायला गोणपाट न्या. बूट घाला. अशा गाडीत गांधीलमाश्यांचं पोळं, हुमले (तांबड्या मुंग्या) आणि कधी त्याहून लांब पाहुणे असतात. बोनेट उघडण्याआधी काठीनं वाजवा.

चुंबकाला मऊ कापड गुंडाळून ते बाहेरच्या पत्र्यावरून फिरवा. जिथं ते धरत नाही तिथं खाली लांबी, म्हणजे खड्डे बुजवायची पुट्टी, भरलेली आहे. मडगार्डवर, दरवाजाच्या खालच्या काठावर थोडी लांबी असणारच, तिचं वाईट वाटून घेऊ नका. मग खाली आडवे व्हा आणि खरी जागा बघा. दरवाजांखालच्या लांब पेट्या, जॅक लावायच्या जागा, पायाच्या पेडलांखालचं फ्लोअर, पुढच्या दरवाजाची बिजागरी जिथं बसते त्या खांबाचा तळ, मागचे पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंगा) जिथं टांगलेत त्या जागा. स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीनं ठोका. चांगला पत्रा खणखणतो, कुजलेला भद्द वाजतो. संशय आला की टोक दाबा. आत गेलं तर गेलं. भंगारवाला ओरडेल, ओरडू दे.

आपल्याकडचा गंज बाहेरून कमी, आतून जास्त येतो. तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, समुद्राची खारी हवा, आणि त्यात लाल माती. मडगार्डच्या आत माती आणि पाला चिकटून बसतो, उन्हाळ्यातसुद्धा आतून ओला राहतो, आणि पत्रा दमून दमून मरतो. दरवाजांच्या तळाला पाणी निघायला छोटी भोकं असतात, ती मातीनं बुजलेली असतात, मग दरवाजा म्हणजे पाण्याची टाकी. तुमच्या डिकीतल्या पिंपळाचंही तेच. पिंपळाला रुजायला आणि टिकायला ओल लागते. म्हणजे त्या जागेला वर्षानुवर्षं पाणी साठतंय. रोप ओढण्याआधी त्याचं मूळ कुठं गेलंय ते टॉर्चनं बघा. मूळ दोन पत्र्यांच्या जोडात शिरलं असेल तर तो जोड पूर्ण उघडावा लागणार. मूळ नुसतं मातीच्या थरात पसरलं असेल तर डिकीचा तळ बदलून भागेल. रोपाचं काय करायचं म्हणाल तर कुंडीत लावा. पिंपळ तोडून टाका असं मी सांगितलं तर तुमच्या आजी मला सोडायच्या नाहीत.

यानंतर जॅकची परीक्षा. सगळे दरवाजे बंद करून त्यांच्या फटी नीट बघून ठेवा. गाडी सपाट जागी आणून, चाकांना दगड लावून, पेटीच्या जॅक लावायच्या जागी जॅक हळू वर घ्या. जॅकच पेटीत घुसला तर पेटी संपलेली आहे. गाडी उचलली गेली पण दरवाजाची फट वर आवळली किंवा दरवाजा उघडेनासा झाला, तर सांगाडा मधे वाकतोय. फट तशीच राहिली तर फ्लोअरला कितीही भोकं असू देत, गाडी घेण्यासारखी आहे. या एका परीक्षेवर मी गाडी घ्यायची की नाही ते ठरवतो. हे करताना गाडीखाली डोकं घालू नका, जॅक कुजलेल्या लोखंडावर उभा आहे.

गाडी आणताना टोचन करून ओढू नका. ब्रेक ड्रमला चिकटलेले असतात, चाकं फिरत नाहीत, बंपरला दोर बांधला तर बंपर हातात येतो. सपाट टेंपो आणि क्रेन घ्या, पट्टे चाकांच्या बाजूनं घाला. आणि पहिल्याच रविवारी मित्र जमवून सगळी गाडी उघडून टाकू नका. हे मी हात जोडून सांगतो. जो भाग काढाल त्याचा आधी फोटो, मग त्याच्या नट-बोल्टांची वेगळी पिशवी, पिशवीत चिठ्ठी. दीड वर्षानंतर तुम्हाला ‘हा स्क्रू कुठला’ हे आठवणार नाही. मलाही आठवत नाही.

आता पत्र्याचं काम, आणि इथं माझी फजिती सांगतो. १९९४ च्या सुमारास म्हार्दोळच्या एका गिऱ्हाइकाची डिलाइट माझ्याकडे आली होती. मी नवा, हात जोरात. दोन्ही बाजूंच्या पेट्या सडलेल्या होत्या, मी एका दुपारी दोन्ही कापून काढल्या. इंजिन आतच होतं, मागची सीट आतच होती, गाडी चार विटांच्या थरांवर. दुसऱ्या दिवशी सकाळी नव्या पेट्या बसवायला घेतल्या तर मागचा दरवाजा लागेना. मामा आले. ज्यांच्या हाताखाली मी शिकलो ते मामा. काही बोलले नाहीत. खिशातून काड्यापेटी काढली, एक काडी दरवाजाच्या वरच्या फटीत घालून बघितली, ती शिरली नाही. खालच्या फटीत एकावर एक चार काड्या मावल्या. मग विडी पेटवली आणि म्हणाले, ‘आता हिला सरळ कर, तोवर मी जेवून येतो.’ सरळ करायला तीन आठवडे लागले. जॅक, साखळ्या, लाकडी ठोकळे, आणि छपराच्या कोपऱ्यात पडलेली एक बारीक चुणी शेवटपर्यंत गेली नाही.

तेव्हापासून पेटीला हात लावण्याआधी मी प्रत्येक दरवाजाच्या चौकटीत एक आडवा आणि एक तिरका पाइप वेल्ड करतो. इंजिन, सीटा, काचा आधी बाहेर. सांगाडा मजबूत स्टँडवर ठेवून पाण्याच्या पातळीनं चारी बाजू तपासायच्या. कापायची एका वेळी एकच बाजू, तीही तुकड्या-तुकड्यानं. नवा तुकडा आधी टाक्यांवर धरायचा, दरवाजा लटकवून फट बघायची, काड्यापेटी अजून माझ्या खिशात असते, आणि मगच पूर्ण वेल्डिंग. चौकटीतले पाइप सगळं झाल्यावर शेवटी कापायचे.

पत्रा फ्लोअरला आणि पेट्यांना १८ गेजचा, म्हणजे साधारण १.२ मिलिमीटर. बाहेरच्या भागाला २० गेज पुरतो. जुने डेंटर गॅसनं वेल्डिंग करतात, त्यांचा हात सुंदर असतो, पण मोठ्या सपाट पत्र्याला गॅसची उष्णता लागली की तो लाटेसारखा होतो. मिग वेल्डिंगनं (तार आपोआप पुढे येते ते विजेचं वेल्डिंग) एक टाका इथं, दुसरा वीतभर लांब, असं थंड होऊ देत जायचं. आणि गंजक्या पत्र्यावर नवा तुकडा चढवून चारी बाजूंनी वेल्ड मारायचं, हा आपल्याकडचा आवडता प्रकार कोणालाही करू देऊ नका. दोन पत्र्यांच्या मधे पाणी अडकतं आणि दोन पावसाळ्यांत दोन्ही पत्रे जातात. चकचकीत धातू लागेपर्यंत जुना कापायचा, मग कडेला कड जोडायची. काम झाल्यावर पेट्यांच्या आत मेणाचं गंजरोधक फवारायचं आणि पाणी निघायची भोकं तारेनं उघडी ठेवायची. जळकं इंजिन ऑइल ओतणारे लोक आहेत. ते पहिल्या उन्हात खाली गळून अंगणात येतं.

छोट्या सुट्या भागांचा गंज घरी काढता येतो. प्लॅस्टिकच्या पिंपात पाणी, त्यात धुण्याचा सोडा. बॅटरी चार्जरची निगेटिव्ह तार गंजक्या भागाला आणि पॉझिटिव्ह एखाद्या टाकाऊ साध्या लोखंडाच्या पट्टीला. दोघांना एकमेकांना लागू द्यायचं नाही. रात्रभरात गंज काळा पडून सुटतो, ब्रशनं निघतो. पट्टी स्टेनलेस स्टीलची घेऊ नका, तिच्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. पिंप उघड्यावर ठेवा कारण हायड्रोजन निघतो. ॲल्युमिनियमचा भाग यात कधी टाकू नका, खाऊन जाईल. ज्यांना वीज नको त्यांच्यासाठी गुरांच्या खाद्यात वापरतात ती उसाची मळी आहे. एका भागाला नऊ-दहा भाग पाणी, दोन-तीन आठवडे भिजवायचं. काम उत्तम होतं, वासाबद्दल शेजाऱ्यांशी तुम्ही बोला.

ब्रेक इंजिनाच्या आधी का, याचं उत्तर सोपं आहे. इंजिन सुरू झालं की माणसाला राहवत नाही, तो गाडी हलवतोच. या काळातल्या फियाटला चारी चाकांना ड्रम आणि ब्रेकचं एकच सर्किट. एका चाकाचा सिलेंडर गळला की सगळ्या गाडीचा ब्रेक गेला. त्यामुळे चारी व्हील सिलेंडर, मास्टर सिलेंडर, रबरी होज, लोखंडी नळ्या, काहीही ‘चालेल’ म्हणून ठेवायचं नाही. सिलेंडरच्या आत खड्डे असतील तर लेथवर स्लीव्ह घालून मिळते. ड्रम उघडल्यावर आतली धूळ हवेनं उडवू नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असतं. ओल्या फडक्यानं पुसा, फडकं पिशवीत बांधून टाका. याच वेळी पुढचे किंगपिन (ज्या खिळ्यांवर पुढची चाकं वळतात ते) आणि बुश बघून घ्या. ग्रीस न मारलेला किंगपिन स्टिअरिंगला असा आवळतो की घाटात वळण घेताना दोघांनी मिळून फिरवावं लागेल.

आता तुमचं जाम इंजिन. चारी प्लग काढा, भोकांतून डिझेल आणि ऑटोमॅटिक गिअरचं तेल समसमान करून ओता, आठ-दहा दिवस तसंच राहू द्या, मधे पुन्हा भरा. स्टार्टर लावू नका, बॅटरीचा तर विचारही नको. क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या, पुढच्या नटावर लांब पाना लावून थोडं पुढे, थोडं मागे असा नेट द्या. केसभर हलला की जिंकलात. पुढे हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, काढायचं. फियाटचं हेड ॲल्युमिनियमचं आणि स्टड लोखंडी, दोघांमध्ये गंज धरून ते असं बसतं की चार माणसं लोंबकळली तरी येत नाही. इथं छिन्नी घालून उचकटण्याचा मोह होतो. घातलीत की हेडच्या सपाट बाजूवर खाच पडते आणि गॅस्केट कधीच नीट बसत नाही. रोज थोडं तेल, लाकडी हातोडा, आणि सबूर. मला एकदा अकरा दिवस लागले होते.

हेड निघालं की बोरमध्ये, म्हणजे पिस्टन फिरतो त्या भोकात, बोट घालून नख फिरवा. नख अडकलं तर बोरिंग, म्हणजे ते भोक कापून मोठं करायचं. मूळ बोर ६८ मिलिमीटर, स्ट्रोक (पिस्टनची वरखाली चाल) ७५, त्यातून १०८९ सीसी येतात. मोठ्या मापाचे पिस्टन आधी हातात घ्या, मगच ब्लॉक बोरिंगला द्या; पिस्टन मोजून बोर करतात, उलट नाही. हे काम मी चोर्ला घाट चढून बेळगावला उद्यमबागेत करून घेतो, कोणी कोल्हापूरला शिवाजी उद्यमनगरात नेतात. दोन्हीकडे क्रँक ग्राइंडिंग करणारे असे हात आहेत की माप सांगायची गरज पडत नाही. तरी माप लिहून द्या.

पेट्रोलची टाकी हा जीवघेणा विषय आहे. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोक्याची, कारण आत वाफ असते. तिला पेट्रोलचा जराही वास आहे तोवर जवळपास वेल्डिंग नको, ग्राइंडर नको. टाकी सोडवून रेडिएटरवाल्याकडे द्या, तो ती उकळून धुऊन झाळतो. दुसरी गोष्ट आजच्या पेट्रोलची. यात आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. १९६७ चे रबरी पाइप आणि पंपाचा पडदा त्यासाठी बनलेले नव्हते. ते फुगतात, चिरतात, आणि गरम इंजिनावर पेट्रोल ठिबकतं. इथेनॉल चालणारे पाइप घाला. इथेनॉल हवेतलं पाणीही ओढून घेतं, म्हणून पावसाळ्यात गाडी उभी राहणार असेल तर कार्बोरेटर रिकामा करून ठेवा. शिशाचं पेट्रोल तर २००० सालीच गेलं, त्यामुळे हेड उघडलेलंच आहे तर व्हॉल्वच्या सीटा कडक धातूच्या बसवून घ्या.

वायरिंगवर वेळ घालवत नाही. उंदरांनी खाल्लेली जुनी वायर जोडत बसू नका, पूर्ण नवी करा, एकेक तार बदलत, आणि सांगाड्याला अर्थिंगची तार जिथं लागते तिथला रंग खरवडून काढा. निम्मे इलेक्ट्रिकल दोष तिथंच असतात.

रंगाचं ऐका, कारण तुमचा चवथीचा बेत इथंच मोडतो. चवथ येते भाद्रपदात, म्हणजे रंग मारायचे दिवस आषाढ-श्रावण. त्या हवेत एनसी (नायट्रोसेल्युलोज) पेंट मारलात की तो सुकता सुकता हवेतला ओलावा धरतो आणि दुधासारखा पांढुरका पडतो. पीयू (पॉलियुरेथेन) पेंट पांढरा पडणार नाही, पण प्रायमरखाली ओल अडकली तर फोड येतात. एका गिऱ्हाइकानं चवथीसाठी हट्ट धरला होता. मी नको म्हणत म्हणत श्रावणात मॉरिस रंगवून दिली. गणपतीला ती अशी चमकत होती की लोक तिच्यासमोर उभे राहून फोटो काढत होते. दिवाळीला बोनेटवर मसुराएवढे फोड. सगळा रंग काढून डिसेंबरात पुन्हा केला, माझ्या खर्चानं. आता मी नोव्हेंबर ते फेब्रुवारी सोडून रंग मारत नाही. पत्रा उघडा पडला की त्याच दिवशी प्रायमर, रात्रभर तसा ठेवला तरी सकाळी केशरी होतो. मूळ रंग हवा असेल तर डॅशबोर्डच्या मागे किंवा फ्लोअरच्या रबराखाली बघा, तिथं ऊन लागलेलं नसतं. पीयू मारताना चांगला मास्क घाला, नाकाला रुमाल बांधून भागत नाही. जुना रंग कोरडा घासू नका, त्यात शिसं असू शकतं.

सुट्या भागांच्या बाबतीत तुम्ही नशीबवान आहात. १९६४ मध्ये आलेली डिलाइटच पुढे प्रेसिडेंट आणि मग पद्मिनी झाली; इंजिन, गिअर, ब्रेक, सस्पेन्शनचे बरेच भाग एकमेकांना चालतात. मुंबईत काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी होती तोवर हे भाग ताजे बनत होते. ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती रस्त्यावरून गेली, आता जुना साठा फिरतो. पुण्यात नाना पेठ, मुंबईत कुर्ला, तिथं दुकानांत उभं राहून विचारावं लागतं. फक्त डिलाइटचे म्हणून जे भाग आहेत, जाळी, दिव्यांच्या कडा, अक्षरं, चाकांच्या टोप्या, ते मात्र मिळत नाहीत. म्हणून त्याच भंगारवाल्याच्या ढिगात शोधा. चकाकणाऱ्या वस्तू ते आधी काढून वेगळ्या ठेवतात. गंजका बंपर फेकू नका, पुन्हा क्रोम होतो. सीटच्या स्प्रिंगाही टाकू नका. त्यांच्यावरचा काथ्या बदलून वर रेक्झिन शिवणारे अजून आहेत. फियाटऐवजी तुम्हाला पोर्तुगीज काळात आलेली एखादी ओपेल किंवा १८० डी मर्सिडीज सापडली असती तर मी दोनदा विचार करा म्हटलं असतं. त्यांचे भाग परदेशातून येतात आणि आयात गाडीच्या नूतनीकरणाची फीही वेगळी, जास्त.

खर्चाचं म्हणाल तर माझ्या शेडमधल्या अलीकडच्या कामांवरून बोलतो. तुम्ही वर्णन केलंय तशी गाडी चार ते सहा लाखांत उभी राहते. त्यातला जवळजवळ निम्मा पत्रा आणि रंग खातात, इंजिन पाव भागाच्या आसपास. वेळ चौदा ते अठरा महिने. घरच्या घरी थोडं काम केलंत तर पैसे वाचतील, महिने वाढतील. विकून हे पैसे निघतील असं समजून करू नका. यंदाची चवथ सोडा, पुढच्या वर्षीची धरा, आणि वडिलांना आत्ताच सांगू नका. सांगितलंत तर ते रोज शेडमध्ये येऊन बसतील. माझ्याकडे असे दोन वडील येतात.

राहिले ३५,०००. या गाडीचं वजन ९०० किलोच्या आसपास. म्हापशातला लोखंडाचा त्या दिवसाचा भाव विचारा, गुणा, आणि जे भाग आधीच काढून नेलेत त्यांचं वजन त्यातून वजा करा. तो आकडा भंगारवाल्यालाही पाठ असतो. आरसी किंवा मालकाचा पत्ता त्याच्याकडून मिळत असेल तर वरचे पैसे द्यायला हरकत नाही, ते गाडीचे नसून कागदाचे समजा. मिळत नसेल तर वजनाच्या भावाला अडून बसा. आणि जागा अडवायला इसार देणार असाल तर पावतीवर नुसतं ‘जुनी फियाट’ असं न लिहिता चासी नंबर लिहून घ्या. त्याच्या आवारात मागच्या बाजूला आणखी एक फियाट नसेलच असं नाही.